जावक क्रमांक बासष्ट

"लागला," मल्लाप्पा म्हणाला.

मागच्या दाराची चौकट धरून तो उभा होता. पानाच्या टपरीवरून तसाच उठून आला असावा. बोटांना कात लागलेला होता आणि तोंडाचा रंग उडाला होता. मी परातीत भाकरी थापत होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी विळीवर कांदा चिरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय लागला?" मी विचारलं.

"मालकांचा आकडा, वहिनी. बासष्ट. सायकलवाल्याच्या भिंतीवर आत्ता खडूनं लिवलाय. मी दोनदा बघून आलो."

"कितीचा हुता?" आत्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"शंभरचा, आक्का. जोडी."

जोडी लागली की रुपयाला नव्वद. शंभराचे नऊ हजार. आत्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा पाढा लग्न झाल्यापासून पाठ होता. त्यांनी विळी मिटली आणि म्हणाल्या, "मल्लाप्पा, आत ये आन् दार लाव."

दुसऱ्या कुठल्याही घरात ही बातमी आली असती तर पेढे वाटले असते. आमच्या घरात तिघांनाही घाम फुटला, कारण ते नऊ हजार द्यायचे होते आम्हालाच. माझ्या सासऱ्यांचा मटका मी चालवत होते.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर पंचवीस वर्षांनी लोक मला भलतीच बाई समजायचे.

माझे सासरे आनंदराव मुसळे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणायची. इचलकरंजीत यंत्रमागावर ते जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. हाताला गुण असा की कारखानदार घरी गाडी पाठवून न्यायचे. माणूस अगदी निर्व्यसनी. दारू नाही, विडी नाही, तंबाखू नाही. मटका रोज खेळायचे, पण मटक्याला ते व्यसन समजत नसत, प्रयत्न समजत. आठवड्याचा पगार झाला की निम्मा आत्यांच्या हातात आणि निम्मा प्रयत्नाला. आकडा त्यांना कुठेही दिसायचा. एसटीच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, शेजारच्या घरात कुणी गेलं तर त्याच्या वयात. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तिच्या वजनाचा. दोन किलो सातशे. सत्तावीस लावले, आले नाहीत. पण त्याचा दोष त्यांनी नातीला कधी दिला नाही, एवढं मन मोठं होतं.

मल्लाप्पा त्यांची चिठ्ठी घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी पोलिसांची धाड पडली, वरचा बुकी गाव सोडून पळाला आणि मल्लाप्पाने कानाला खडा लावला. तो आत्यांना सांगायला आला, की आक्का, आजपासून मी फक्त पान विकणार, मालकांना आता स्टँडमागं जावं लागंल. आत्या घाबरल्या त्या या स्टँडमागच्या नावाने. तिथे उधारीवर आकडा लावून घेत. उधारीवर मामा किती प्रयत्न करतील याला काही सुमार राहिला नसता.

"मल्लाप्पा," आत्या म्हणाल्या होत्या, "तू त्यांना कायबी सांगू नगंस. चिठ्ठी घेत जा, पैसं घेत जा, आन् मागच्या दारानं मला आणून देत जा."

अशी आमची पेढी सुरू झाली. मामा सकाळी पुढच्या दाराने पैसे घेऊन जायचे, दुपारी ते मागच्या दाराने परत यायचे. मी चिठ्ठी वाचायची, आत्या पैसे डालड्याच्या डब्यात टाकायच्या आणि डबा हरभऱ्याच्या डाळीमागे ठेवायच्या. बाहेरच्या खऱ्या मटक्याचा आकडा रोज संध्याकाळी सायकलवाल्याच्या भिंतीवर लिहिला जायचा; त्यात मामांचा एखादा एकेरी आकडा लागला तर मल्लाप्पा डब्यातून पैसे नेऊन मामांना चुकते करायचा. त्याचा मोबदला म्हणून त्याच्या बायकोची झंपरं मी फुकट शिवायची. माझ्या नवऱ्याला यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. मामा पूर्वीसारखेच रोज हरत होते, पण आता घरातल्या घरात हरत होते. मला तर वाटायचं, गावातल्या प्रत्येक घरात अशी पेढी निघायला हवी.

डबा कशासाठी होता तेही सांगते. आत्यांच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या होत्या. आत्यांच्या वडिलांनी हातमाग विकून त्या घातल्या होत्या. माहेरचं तेवढंच सोनं उरलं होतं आणि मामांनी एका 'पक्क्या' आकड्यासाठी तेही ठेवलं होतं. तेव्हापासून आत्या लग्नाकार्याला जायच्या तेव्हा पदर मनगटापर्यंत ओढून बसायच्या. उकाड्यातसुद्धा. मला ते बघवत नसे.

आणि मागच्या आठवड्यात पतसंस्थेची नोटीस आली. शनिवारपर्यंत नऊ हजार भरले नाहीत तर पाटल्यांचा लिलाव. नोटीस मामांच्या नावावर होती. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बघतो कायतरी." त्यांचं बघणं कुठल्या दिशेला असायचं ते आम्हाला ठाऊक होतं. डब्यात आठ हजार नऊशे जमले होते. शंभर कमी. शुक्रवारी मी आणि आत्या गुपचूप जाऊन पाटल्या सोडवणार होतो. शंभर रुपये कुणाकडे मागायचे याचाच काय तो घोर होता.

बुधवारी दुपारी मल्लाप्पा चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीत शंभराची करकरीत नोट होती. कारखानदाराकडून उचल घेतली असणार. आमच्या पेढीत मामांनी दहा-वीसच्या वर कधी लावलं नव्हतं.

"बासष्ट," मी वाचलं. "हा कुठला काढला?"

"नोटिशीवरचा," मल्लाप्पा म्हणाला. "वरच्या अंगाला जावक क्रमांक हाय न्हवं, त्यो. मला दाखवला की. मालक म्हणले, हे सरळ आपल्या घराचा पत्ता काढून आलंय."

आत्यांनी ती नोट दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "तेवढंच कमी पडत हुतं."

आम्ही दोघी हसलो. मी तर मनात मामांना दुवा दिला, की प्रयत्न असावा तर असा. ही बुधवारी दुपारची गोष्ट. आणि संध्याकाळी मल्लाप्पा दारात.

"चिठ्ठी वर पोचलीच न्हाई म्हणून सांग," मी त्याला म्हटलं. "पोलीस आल्ते म्हणावं."

"आन् उद्यापास्नं माझ्या टपरीवर पान खायला कोण यील, वहिनी? लागलेला आकडा बुडवला म्हटल्यावर गल्लीतली माणसं माझ्याकडनं सुपारीबी घ्यायची न्हाईत. हा धंदा इमानावर चालतोय."

"कुठला धंदा? तुझा धंदा बंद हून दोन वरसं झाली."

"त्ये तुमास्नी ठावं. गल्लीला वाटतंय, जुन्या गिऱ्हाइकापुरता चालूच हाय."

"मग खरं सांगूया," मी आत्यांना म्हटलं. "मामांना म्हणूया, हे तुमचंच पैसं हाईत. आत्यांच्या पाटल्यांसाठी साठवल्यात."

"सांग की," आत्या म्हणाल्या. "सांग, आन् उद्यापास्नं स्टँडमागं त्यांच्या मागं फिर. आन् बायकोनं आन् सुनंनं मिळून दोन वरसं खुळं केलं म्हणून गल्ली दात काढंल, ते त्यांनी कुठल्या तोंडानं सोसायचं?"

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. मल्लाप्पा मागच्या दाराने सटकला.

मला वाटलं होतं, मामा ओरडत येतील, अर्धी गल्ली मागे असेल. तसं काही नव्हतं. ते एकटेच आले. चपला नेहमीपेक्षा सरळ ठेवल्या, पाय धुतले आणि खुर्चीवर बसले. हातात पेढ्यांचा पुडा होता. तोही उधारीवर आणलेला, हे मला मागाहून कळलं.

"अगं, जरा भाईर ये," त्यांनी आत्यांना हाक मारली. "हात पूस आन् ये."

आत्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मामांनी खिशातून नोटीस काढली आणि मांडीवर ठेवून हाताने सपाट केली.

"ह्यो कागद. ह्यानंच दिलं बघ. तीस वरसं तू मला नावं ठिवलीस. मी कधी उलटून बोललो?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या.

"का बोललो न्हाई? मला म्हाईत हुतं."

"काय म्हाईत हुतं?"

"येणार म्हणून." मामांचा आवाज बसला होता. "कवा येणार ते म्हाईत नव्हतं. पर येणार, हे म्हाईत हुतं."

त्यांनी पुडा सोडून एक पेढा आत्यांच्या हातावर ठेवला. तीस वर्षं हरलेला माणूस पहिल्यांदा जोडी जिंकून घरी आला की कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तो जिंकल्यासारखा दिसत नाही, सुटल्यासारखा दिसतो. पण मला त्याचं कौतुक करायला सवड नव्हती. माझा जीव डाळीमागच्या डब्यात अडकला होता.

आत्या आत आल्या. त्या रडत होत्या. कांदा तर मघाशीच चिरून झाला होता. त्यांनी पेढा तोंडात टाकला, स्टुलावर चढून डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हे मल्लाप्पाला नेऊन दे. उद्या सकाळी टपरीवर, चार लोकांच्या म्होरं द्यायला सांग."

"आत्या, तुमच्या पाटल्या हाईत ह्यात."

"ठावं हाय."

"ते सगळं पुन्हा लावून बसतील. शनिवारी लिलाव हाय. दोन वरसं तुम्ही ह्या डब्याला हात लावू दिला न्हाई. पोरीच्या बुटालासुद्धा न्हाई."

"त्यांनी लावलं, त्यांचं लागलं. मग द्यायला नगं?"

"अवो, पण हे पैसं तुमचं हाईत."

"माझं कशानं?" आत्या म्हणाल्या. "ते हरत हुते तवर माझं हुतं."

मला आत्यांचा त्या क्षणी इतका राग आला की डबा उचलून आडात टाकावासा वाटला. त्यांच्या पाटल्यांसाठी मी दोन वर्षं फुकट झंपरं शिवत होते, आणि त्या मात्र लबाडीच्या मटक्याचं इमान सांभाळायला निघाल्या होत्या. तरी मी डबा पदराखाली घेतला आणि गेले. सासूपुढे नाही म्हणायची तेव्हा रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मामांचा तो बसलेला आवाज माझ्याही कानात होता.

गुरुवारी सकाळी मल्लाप्पाने चार लोकांसमोर नऊ हजार मोजून दिले. त्यात दोनाच्या आणि पाचाच्या नोटा फार होत्या. मामांनी त्या निरखून पाहिल्या. मी पाण्याची घागर घेऊन जवळच उभी होते. त्यातल्या कित्येक नोटा त्यांच्याच हातून गेलेल्या होत्या आणि दोन-तीन नोटांना हळदीचे डाग होते.

"गरिबाघरचं पैसं दिसत्यात," मामा म्हणाले. "कुणी बिचारं हरलं असंल."

पैसे धोतराच्या कनवटीला लावून, टोपी घालून ते निघून गेले. कुठे चाललात, असं कुणी विचारलं नाही.

दुपार झाली, मामांचा पत्ता नाही. माझे यजमान सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या रात्रपाळीवरून येऊन झोपले होते. उठल्यावर त्यांना बातमी कळली तर म्हणाले, "बापानं शेवटी करून दाखवलं," आणि दुसरा पेढा घेतला. आत्या अंगणात चाकावर कांड्या भरत बसल्या होत्या. सूत तुटत होतं, त्या जोडत होत्या. तीन वाजले, चार वाजले. मी दर अर्ध्या तासाने कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची आणि मनातल्या मनात आत्यांना ऐकवायची भाषणं तयार करायची. दोन भाषणं तर फार उत्तम झाली होती.

पाचला रिक्षा आली. मामा आयुष्यात पहिल्यांदा रिक्षाने घरी आले. उतरले, भाडं दिलं, सुटे परत घेतले नाहीत. मग कनवटीतून लाल कागदाची पुडी काढून त्यांनी आत्यांच्या मांडीवर, कांड्यांच्या ढिगात ठेवली.

"घाल," ते म्हणाले.

पाटल्या होत्या. मला हुंदका आला. तो आनंदाचा होता की न वापरता गेलेल्या भाषणांचा, आज सांगता येत नाही. बहुधा दोन्हीचा असेल.

"मटक्याला नावं ठिवत हुतीस न्हवं?" मामा म्हणाले. एव्हाना कुंपणापाशी शेजारणी जमल्या होत्या आणि मामांचा बसलेला आवाज सुटला होता. "शेवटी तुझ्या पाटल्या कुणी सोडवल्या? तुझ्या भावानं? माझ्या पोरानं? मटक्यानं सोडवल्या."

आत्यांनी खाली मान घातली. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मामांनी पावती उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. "पाटल्या नग दोन, वजन चोवीस ग्रॅम. बघ, बरोब्बर चोवीस. तसूभर कमी न्हाई." मग जरा हळू, फक्त आम्हाला ऐकू येईल असं म्हणाले, "सोनं सुटलेलं बरं असतंय. अडचण आली तर पुन्हा ठिवता येतंय."

ठेवलंही त्यांनी. पुढच्या सात वर्षांत त्या पाटल्या तीनदा जाऊन आल्या. पण ते पुढचं.

शुक्रवारी सकाळी मल्लाप्पा मागच्या दाराशी आला तो मूठभर चिठ्ठ्या घेऊन. लागलेला आकडा दुसऱ्या सकाळी रोख चुकता करणारा माणूस इचलकरंजीत दुसरा नव्हता. स्टँडमागचे लोक आठ-आठ दिवस झुलवत. आमच्या इमानाची कीर्ती एका दिवसात तीन गल्ल्यांत गेली होती. अकरा जणांनी चिठ्ठ्या दिल्या होत्या, त्यांत सायकलवाला होता, शाळेतले एक मास्तर होते आणि मल्लाप्पाची स्वतःची मेहुणी होती.

"घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं," मी म्हटलं. "सगळ्यांचं परत दे. म्हणावं, बुकीनं गाव सोडलं."

"सगळ्यांचं दितो," मल्लाप्पा म्हणाला. "मालकांचीबी चिठ्ठी हाय ह्यात. दहा रुपयं."

"ती ठेव."

तो गेल्यावर मी मामांची चिठ्ठी आणि दहा रुपये रिकाम्या डब्यात टाकले. डब्याच्या बुडाला नोट पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती. पण पाटल्या घरात होत्या. फसवणूक उघडी पडली नव्हती. मामांना जिंकल्याचं सुख मिळालं होतं आणि आत्यांना सोनं. मला वाटलं, चला, सुटलो.

डबा डाळीमागे ठेवून वळले तर आत्या मागे उभ्या. पदर खांद्यावरून मागे टाकलेला, दोन्ही मनगटं मोकळी, पाटल्या लखलखत होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत घडी घालून घडी घालून बोटाएवढी केलेली दहाची नोट होती. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"चोवीस," आत्या म्हणाल्या. "लाव."

मला आधी कळलंच नाही. मग पावतीवरचं वजन आठवलं.

"आत्या, लावू कुठं?"

"आपल्याकडंच."

"अवो, आपला मटका खोटा हाय. तुम्हीच काढलाय त्यो. हा डबा आपला, पैसं आपलं, द्यायचं आपण, घ्यायचं आपण."

"ते सगळं मला म्हाईत हाय गं," त्या म्हणाल्या. लहान मुलीला समजवावं तशा. "पर आकडा कुठं आपला हाय? त्यो तर वरनंच येतोय न्हवं?"

"आन् लागला तर? डब्यात ह्या घडीला वीस रुपयं हाईत. देणार कोण?"

"लागल तवा बघू."

हे वाक्य मी या घरात शेकडो वेळा ऐकलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून. मी आत्यांकडे पाहिलं. तीस वर्षं या बाईने मटक्याला शिव्या घातल्या होत्या. तिच्या डोळ्यांत आता मामांचं ते 'येणार' दिसत होतं. मी नोट परत करायला हवी होती. मी ती डब्यात टाकली.

संध्याकाळी स्टोव्ह मंद करून मी सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत गेले. मल्लाप्पा नेहमीप्रमाणे येऊन सांगणारच होता, पण मला दम निघाला नाही. भिंतीवर खडूने नुकतंच लिहिलेलं होतं. मी दोनदा वाचलं आणि घरी आले.

आत्या उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"पंचवीस," मी सांगितलं.

"एकानं हुकलं," आत्या म्हणाल्या आणि पदराची दुसरी गाठ सोडू लागल्या.